खेळातला मताधिकार



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘ऑनलाइन खेळांचा इतिहास’ असे उत्तर दिले. टेलिफोनवर क्षणभर काहीच ऐकू येईना. तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत सभा घेतलेला माणूस बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, फार तर नव्या श्रमसंहितांवर बोलेल. पोराटोरांच्या खेळांशी ह्याचा काय संबंध, असे त्यांच्या मनात आले असल्यास त्यांचा दोष नाही. आमच्याही मनात तेच आले असते. म्हणून हा विषय आमच्याकडे कसा चालून आला, ते आधी सांगतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत एका सभासदाचा मुलगा संध्याकाळी वडिलांची वाट पाहत बसे. कॉलेजला सुट्टी होती. आपल्या लॅपटॉपवर तो एक जुनाट दिसणारा, ठोकळ्याठोकळ्यांच्या माणसांचा खेळ खेळत असे. एकदा तो फार गंभीर चेहऱ्याने बसलेला दिसला, म्हणून आम्ही विचारले, “काय रे, हरलास वाटतं?” तो म्हणाला, “नाही काका, मतदान चाललंय. खेळात एक नवीन स्किल आणायचं की नाही ह्यावर. पंचाहत्तर टक्के पडले नाहीत तर येणार नाही.”

आम्ही चपापलो. संपाच्या मतदानालासुद्धा आम्ही कधी पंचाहत्तर टक्क्यांची अट घातली नव्हती. आणि येथे एक विलायतेतली कंपनी आपला माल कसा बनवावा हे गिऱ्हाइकांना मतपेटीतून विचारीत होती, आणि गिऱ्हाइकांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांनी ‘नको’ म्हटले तर गप्प बसत होती! त्या दिवसापासून आम्ही ह्या विषयाच्या मागे लागलो. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि शब्दकोश मांडीवर घेऊन झालेले. त्यामुळे वाचायला वेळ लागला, पण जे हाती आले ते आम्हांला आमच्याच धंद्यातले वाटले.

एक खुलासा करून टाकतो. पैसे लावून खेळायचा जो जुगार मोबाइलवर बोकाळला होता, आणि ज्याच्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली, त्याबद्दल आज आम्ही बोलत नाही. आमचा विषय आहे तो हजारो माणसे एकाच वेळी ज्यात वावरतात अशा खेळांचा. कधीही न उठणारी जत्रा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही झोपलात तरी ती चालूच असते. जागा कंपनीची, दिवाबत्ती कंपनीची, नियम कंपनीचे. तुम्ही महिन्याची वर्गणी भरून आत जाता. पण गंमत अशी की जत्रेला जत्रापण येते ते आलेल्या माणसांमुळे. एकट्या दुकटयाने फिरायचे म्हटले तर तीच जागा माळरान होते. मालकी एकाची आणि जीव दुसऱ्याचा, अशी ही चीज आहे.

हिचा उगम १९७८ सालचा. इंग्लंडात कोल्चेस्टरच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहिला, आणि पुढे तो रिचर्ड बार्टल ह्या दुसऱ्या विद्यार्थ्याने हाती घेऊन वाढवला. त्यात चित्र एकही नव्हते. ‘तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात’ अशा धाटणीची वाक्ये पडद्यावर उमटत आणि खेळणाऱ्याने शब्द टंकून उत्तर द्यायचे. पण त्याच वाटेवर दुसरा कोणी खराखुरा माणूस दुसऱ्या यंत्रावरून येऊन उभा राही, ही त्यातली नवलाई.

पुढे १९८९ ते १९९० च्या दरम्यान ह्या खेळातल्या मुरलेल्या मंडळींत एक वाद जुंपला. प्रश्न साधा होता : माणसांना ह्या खेळातून हवे तरी काय असते? महिनोन्महिने पत्रापत्री चालली. एक म्हणे, संपत्ती आणि पायऱ्या चढण्यात मजा; दुसरा म्हणे, कानाकोपरा धुंडाळण्यात; तिसरा म्हणे, हे काय घेऊन बसलात, मी तर गप्पा मारायला येतो; आणि चौथा उघडपणे सांगे, की दुसऱ्याला छळण्यात जी मजा आहे ती कशातच नाही. बार्टलने हा सारा वाद नीट गाळून १९९६ साली त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि खेळणाऱ्यांना पत्त्यांचे चार रंग दिले. मिळवणारे ते चौकट. खणून शोधणारे ते इस्पिक. माणसांच्या ओढीने येणारे ते बदाम. आणि दुसऱ्यांच्या डोक्यात सोटा घालणारे ते किलवर.

आपल्याकडे हा निबंध म्हणजे माणसांची जातवारी लावायचे कोष्टक असे समजणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः त्यातला मोलाचा भाग वेगळाच आहे. हे चार रंग एकमेकांवर जगतात, हे बार्टलने दाखवले. किलवर वाढले की बदाम पळतात. बदाम पळाले की जत्रा ओसाड दिसू लागते. चौकटवाले किलवरांच्या नावाने खडे फोडतात खरे, पण वाटेत काहीच धोका नसला तर मिळवलेल्या धनाला किंमत राहत नाही हेही त्यांना ठाऊक असते. तेव्हा खेळ चालवणारा जर एकाच रंगाचे ऐकत सुटला, तर कालांतराने त्याच रंगाचेही नुकसान होते. आणि गाऱ्हाणे तर प्रत्येक रंगाचे खरेच असते! आमच्या धंद्यात ह्याला वेगळे नाव नाही, पण एकाच कारखान्यात कुशल कामगार, हेल्पर, कायम आणि कंत्राटी ह्यांचे एकच मागणीपत्रक तयार करायला जो बसला असेल, त्याला आम्ही काय म्हणतो ते कळेल.

ह्या ज्ञानाची खरी परीक्षा बार्टलचा निबंध शिळा होण्याच्या आधीच झाली. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरी ओरिजिन नावाची कंपनी होती. तिने १९९७ च्या सप्टेंबरात ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू केला. आता चित्रे आली होती. गावे, जंगले, खाणी, दुकाने असे एक अख्खे राज्य होते. खेळाचा जनक रिचर्ड गॅरियट स्वतः ‘लॉर्ड ब्रिटिश’ ह्या नावाने त्याचा राजा. सुरू होण्याआधी चाचणीसाठी माणसे हवी होती, म्हणून पाच डॉलर भरून तबकडी मागवा असे कंपनीने जाहीर केले, तर पन्नास हजार लोकांनी पैसे धाडले. आपल्या चुका शोधायला लोक आपल्यालाच पैसे देतात, हे पाहून मालकांचे डोळे पांढरे झाले असणार.

ह्याच चाचणीच्या काळात, ऑगस्टमध्ये, राजा प्रजेला दर्शन द्यायला निघाला असता एका खेळाडूने त्याच्या पायाशी आग पेटवली आणि राजा मेला. राजाला मरण येऊ नये अशी सोय होती. पण मधे यंत्र बंद पडून पुन्हा चालू झाल्यावर ती सोय लावायची राहून गेली होती. ही कथा गमतीने सांगितली जाते. आम्हांला ती तशी वाटत नाही. राज्याचे कर्ते काय योजतात आणि प्रजा काय करते ह्यांत किती अंतर आहे, त्याची ती पहिली नोटीस होती.

दुसरी नोटीस जंगलातून आली. राफ कॉस्टर हा खेळाचा प्रमुख रचनाकार. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी फार मेहनतीने अशी योजना केली होती, की गवतावर ससे जगावेत, सशांवर लांडगे, आणि ससे कमी झाले तर लांडग्यांनी भुकेने दुसरीकडे वळावे. प्रत्यक्षात लोकांनी आत शिरताच जे हलेल ते मारले. ससा वाढायला वेळच मिळाला नाही. योजना काढून टाकावी लागली, आणि ती होती हे बहुतेकांच्या ध्यानातही आले नाही.

पण खरा पेच माणसांनी माणसांना मारण्याचा. गावाच्या वेशीच्या आत पहारेकरी होते. गुन्हा झाला की ते तिथल्या तिथे निकाल लावत. वेशीबाहेर कायदा नव्हता. नवखा माणूस कुदळ घेऊन खाणीवर जाई, दोन तास खणून गोणी भरी, आणि परतताना चारपाच जणांची टोळी त्याला गाठून मारी व अंगावरचे सदऱ्यासकट सारे नेई. मेलेला मनुष्य भूत होऊन फिरे. भुताला बोलता येई, पण ते जिवंत माणसांना नुसते ‘ऊऽऽ ऊऽऽ’ असे ऐकू येई. गाऱ्हाणे सांगायला गेलेल्या माणसाची अशी अवस्था आम्ही पुष्कळ सरकारी कचेऱ्यांत पाहिलेली आहे.

कॉस्टरचा विचार उदात्त होता. लोकांना मोकळीक द्या, लोक आपापल्या पंचायती उभारतील, गस्त घालतील, गुंडांचा बंदोबस्त करतील, अशी त्याची श्रद्धा होती. आणि हे झालेच नाही असे नव्हे. रक्षकांची पथके उभी राहिली; खेळाडूंनी आपली गावे वसवली, खानावळी चालवल्या आणि त्यांचे रक्षण केले. पण मारणाऱ्याला मारण्याचा खर्च थोडा आणि राखणाऱ्याला राखण्याचा खर्च फार, हा हिशेब काही केल्या बदलेना. कंपनीने मग नियम आणले. आधी प्रत्येकाच्या नावाला कीर्ती-अपकीर्ती जोडली. १९९८ मध्ये ती पद्धत बदलून खुनांची मोजदाद सुरू केली. पाच खून झाले की नाव तांबडे. तांबड्या नावाच्या डोक्यावर बक्षीस लागे. ह्यावर टोळीवाल्यांनी काय करावे? मोजदाद काळाने पुसट होते असे कळताच ते खेळ चालू ठेवून कोपऱ्यात नुसते बसून राहू लागले. दुसरे कोणी भोळ्या माणसाला फसवून किरकोळ गुन्हा करायला लावत आणि मग कायद्याच्या आधारेच त्याला मारत. दर नियमाला पळवाट, दर पळवाटेला नवा नियम. स्थायी आदेशांची पुस्तिका ज्याने वाचली आहे त्याला ह्यात नवीन काही वाटू नये.

आता ऐकण्याचा प्रश्न पाहा. तक्रारी सर्वांकडून येत होत्या. मारणारे म्हणत, नियम जाच करतात, खेळ मुळमुळीत करू नका. ही मंडळी जुनी, मुरलेली, बोलायला तयार. खाणीवर मेलेला नवखा मात्र बहुधा काहीच न बोलता वर्गणी बंद करून निघून जाई. गेलेल्याचे पत्र येत नाही. कॉस्टरने पुढे स्वतःच मान्य केले, की आपल्या ह्या श्रद्धेपायी खेळाने फार माणसे गमावली.

येथे आमची एक जुनी जखम सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९९८ साली एका कारखान्यात (नाव सांगत नाही) आम्ही दिवसपाळी सुटताना गेटसभा घेतली आणि संपाचा ठराव हात वर करून पास करून घेतला. आवाज असा उठला की आम्हांला वाटले, एकही माणूस विरुद्ध नाही. रात्रपाळीचे लोक त्या वेळी घरी झोपलेले होते. पॅकिंगमधल्या बाया पोरांसाठी धावत स्टँडवर गेल्या होत्या. त्यांना कोणी विचारले नाही. नवव्या दिवशी ते सारे कामावर गेले, आणि त्यांना ‘फुटले’ म्हणणारे पहिले आम्ही होतो. ते आमच्याकडून कधी आलेच नव्हते तर फुटतील कसे, हे समजायला आम्हांला फार वर्षे लागली.

अल्टिमाच्या कर्त्यांनी २००० च्या वसंतात जालीम उपाय केला. त्यांनी सबंध जगाची दुसरी प्रत काढली. त्या राज्याच्या आकाशात फेलुका आणि ट्रॅमेल असे दोन चंद्र आहेत. त्यांचीच नावे दोन जगांना दिली. फेलुकात जुना कायदा, म्हणजे कायदा नाही. ट्रॅमेलात तुमच्या संमतीवाचून कोणी तुमच्यावर हात टाकू शकत नाही. जावे तिथे जा. बहुसंख्य लोक एका झटक्यात ट्रॅमेलात गेले. पुढच्या काळात वर्गणीदार वाढून अडीच लाखांच्या घरात पोचले. हिशेबाच्या वहीत पाहिले तर निर्णय बरोबर होता.

तरी त्या निर्णयावर अजून हळहळणारे लोक आहेत, आणि ते सगळेच लुटारू नाहीत. लांडग्यांचे म्हणणे सोडून द्या. मेंढ्या गेल्या म्हणून ते रडले, त्यात नवल नाही. पण रस्ता सुरक्षित करायला जी पथके उभी राहिली होती, जे लोक अनोळखी माणसाला खाणीपर्यंत सोबत करत होते, त्यांना ट्रॅमेलात काही कामच उरले नाही. ज्याच्या घरात चोर येत नाही त्याला शेजाऱ्याची ओळख ठेवायची गरज वाटत नाही. आम्हांला ही हळहळ कळते. संकटाच्या काळातली एकी ज्याने पाहिली आहे, त्याला शांततेचे दिवस बेचव वाटतात, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. पण म्हणून खाणीवरच्या नवख्याने आमच्या एकीसाठी मरत राहावे, असे म्हणायचा हक्क आम्हांला नाही.

‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’ ह्या खेळाच्या धन्यांनी ह्याच्या उलट चूक केली, ती थोडक्यात सांगतो. त्यांनी असलेल्यांचे सोडून न आलेल्यांचे ऐकले. तीसहून अधिक धंदे ज्यात शिकता येत असा तो खेळ २००५ च्या नोव्हेंबरात त्यांनी एकाएकी नऊ धंद्यांवर आणला. हेतू हा की अवघड म्हणून दूर राहिलेले लोक येतील. शिंप्या-सुताराची कामे करून गावे वसवणारे जुने लोक गेले, नवे म्हणावे तसे आले नाहीत. २०११ च्या डिसेंबरात खेळ बंद झाला.

ऐकण्याची यंत्रणाच उभारण्याचा पहिला मोठा प्रयत्न आइसलँडने केला. रेक्याविकच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ २००३ सालचा. त्यात अंतराळातली जहाजे आहेत, आणि जवळजवळ सर्व खेळाडू एकाच विश्वात असतात; ट्रॅमेलची पळवाट तेथे नाही. २००७ मध्ये कंपनीच्या एका नोकराने आपल्याच गटाला दुर्मिळ नकाशे मिळवून दिल्याचे उघडकीस आले. फार बोभाटा झाला. त्यातून २००८ मध्ये खेळाडूंनी मतदान करून नऊ प्रतिनिधी निवडावेत, आणि कंपनीने त्यांना रेक्याविकला बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, असे मंडळ निघाले. अधिकार? सल्ला देण्याचा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने आपल्याकडे शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांसाठी वर्क्स कमिटी आणली, तिची आठवण ज्यांना आहे त्यांना अधिक सांगायला नको. चहाबिस्कुटे उत्तम असतात.

पण २०११ च्या जूनमध्ये ह्या सल्लागार मंडळाला एकाएकी वजन आले. कंपनीने खेळात कपड्यांचे दुकान काढले आणि त्यात एका डोळ्याला लावायचा चष्मा ठेवला, किंमत साठ डॉलरांच्या वर. चष्म्यावर लोक हसले असते आणि विसरले असते. पण त्याच सुमारास कंपनीच्या आतला एक कागद बाहेर आला, आणि आज चष्मा विकणारे उद्या पैशाने ताकद विकतील, ही भीती पसरली. मुख्याधिकारी हिल्मार पेतुर्सन ह्यांचे अंतर्गत पत्रही फुटले. त्याचा आशय असा, की खेळाडू काय बोलतात त्यापेक्षा काय करतात ते पाहावे. खरे सांगायचे तर हे वाक्य सर्वस्वी चूक नाही. आम्हीही सभासदांच्या टाळ्यांपेक्षा त्यांच्या वर्गणीच्या पावत्या मोजतो. पण पत्र फुटल्यावर खेळाडूंनी साहेबांचे म्हणणे शब्दशः मनावर घेतले, आणि काय करतो ते दाखवून दिले. ‘जिता’ ही त्या विश्वातली मोठी बाजारपेठ. तिच्या बाहेर एक स्मारक होते. शेकडो जहाजे तेथे जमून त्या स्मारकावर तोफा डागू लागली. स्मारक फुटणारे नव्हतेच. तरी दिवसच्या दिवस मारा चालू राहिला, बाजार ठप्प झाला, आणि दुसरीकडे वर्गण्या बंद होऊ लागल्या. धरणे, घेराव आणि असहकार, तिन्ही एकाच वेळी!

जूनच्या अखेरीस कंपनीने मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावून घेतले. ताकद पैशाने विकली जाणार नाही, असे दोघांच्या संमतीने जाहीर झाले. ऑक्टोबरात पेतुर्सन ह्यांनी जाहीर माफी मागितली. चळवळ जिंकली.

त्याच ऑक्टोबरात कंपनीने आपले सुमारे वीस टक्के नोकर कामावरून कमी केले.

ह्या दोन वाक्यांपाशी आम्ही वाचताना फार वेळ थांबलो होतो. दुकान काढायचे ठरवले वरच्यांनी, रागावले खेळाडू, आणि पत्र हातात पडले ते खाली बसून काम करणाऱ्यांच्या. खेळाडू आणि कंपनी ह्यांच्या तडजोडीच्या बैठकीत खेळ प्रत्यक्ष बनवणाऱ्यांच्या वतीने बसलेला कोणी नव्हता. ते तिसरे खुर्चीचे प्रकरण अलीकडे सुरू झाले आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ह्या धंद्यातला सर्वांत गाजलेला खेळ. तो बनवणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांनी २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत युनियन केली. आमच्या कचेरीत त्या दिवशी पेढे आले, आणि कशाचे ते पोस्टमनला समजावून सांगता सांगता आमची दमछाक झाली.

आता त्या मुलाच्या खेळाकडे येऊ. ‘रूनस्केप’ २००१ साली इंग्लंडात गावर बंधूंनी सुरू केला. त्यातही वेशीबाहेर एक रान होते, जेथे खेळाडू खेळाडूला मारू शके. २००७ च्या डिसेंबरात जॅगेक्स कंपनीने ते रान बंद केले आणि पाठोपाठ मोकळा व्यापारही. कारण क्षुल्लक नव्हते. खेळातले सोने बाहेर खऱ्या पैशाने विकणाऱ्या टोळ्या माजल्या होत्या, आणि चोरीच्या क्रेडिट कार्डांमुळे कंपनीच गोत्यात यायची वेळ आली होती. पण चोर पकडता येईना म्हणून बाजार बंद करावा, तसे ते झाले. खेळातल्या चौकांत हजारोंनी निदर्शने केली. तीन वर्षांनी, २०१० च्या अखेरीपासून २०११ च्या आरंभापर्यंत, कंपनीने मतदान घेतले. बारा लाखांच्या आसपास मते पडली आणि त्यांतली एक्याण्णव टक्के परत आणा अशी होती. रान परत आले.

एवढे शिकूनही २०१२ च्या नोव्हेंबरात त्याच कंपनीने लढाईची सारी पद्धत मुळापासून बदलली. पुन्हा लोक उठून गेले. तेव्हा कोणाला तरी असे आढळले, की २००७ च्या ऑगस्टमधली खेळाची एक जुनी प्रत कंपनीच्या साठ्यात शाबूत पडलेली आहे. म्हणजे रान बंद होण्याच्याही आधीची. २०१३ च्या फेब्रुवारीत प्रश्न मतास टाकला : ही जुनी प्रत पुन्हा चालू करू का? पन्नास हजार मतांना इतके, अडीच लाखांना इतके, पाच लाखांना इतके अशा पायऱ्या ठेवल्या होत्या. साडेचार लाखांच्या घरात मते पडली. मोजक्या माणसांच्या हाती देऊन तो जुना खेळ सुरू केला, आणि वचन दिले, की ह्यापुढे ह्यात जे नवे येईल ते खेळाडूंच्या मताने येईल, आणि पंचाहत्तर टक्के मिळाल्याशिवाय येणार नाही. पुढे ह्या जुन्या खेळाचे खेळाडू नव्यापेक्षा जास्त झाले.

आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आनंदाने टेबलावर मूठ आपटली. मग हळूहळू बारीक अक्षरातले वाचू लागलो.

मत कोणाला? ज्याची वर्गणी चालू आहे आणि ज्याने खेळात ठरावीक पातळी गाठली आहे, त्याला. आमच्या घटनेतही थकबाकीदाराला मत नाही. नियम वाजवी आहे. पण वैतागून सोडून गेलेला आणि उद्या येऊ पाहणारा, दोघेही यादीबाहेर. खाणीवरचे भूत इथेही ‘ऊऽऽ ऊऽऽ’ करते. दुसरे असे, की पंचाहत्तरची भिंत बहुमताच्या लाटेपासून खेळाला राखते हे खरे. परंतु लहान गटाला ती ओलांडणे कठीण. रानात जाऊन लढणारे थोडे. न जाणारे पुष्कळ. रानासाठी काही नवे मागितले की न जाणारे ‘नको’ म्हणत. काही सावधपणाने म्हणत, काही पूर्वी रानात मार खाल्ला होता म्हणून. ह्या आकसाच्या मतदानाला तेथे वेगळे नावच पडले आहे. ज्याचा प्रश्न त्याने सोडवावा, की सर्वांनी मिळून? रात्रपाळीच्या भत्त्यावर दिवसपाळीचे मत घ्यावे का? आम्हांला विचाराल तर घेऊ नये. पण रात्रपाळीचा भत्ता ज्या एकाच थैलीतून जातो ती थैली सर्वांची असते, तेव्हा दिवसपाळीला गप्प बसवणेही सोपे नाही. ह्यावर आमच्याकडे तयार उत्तर नाही, आणि जॅगेक्सकडेही होते असे दिसत नाही. खेळाच्या सचोटीसाठी अत्यावश्यक असे बदल मतदानाशिवाय करण्याचा अधिकार त्यांनी हळूहळू स्वतःकडे घेतला, त्यावरूनही भांडणे झालीच.

नव्या स्किलचे प्रकरण ह्याच भिंतीशी अडले. २०१४ साली एक सुचवले, ते पडले. २०१५ मध्ये नौकानयन सुचवले. अर्ध्याहून पुष्कळ अधिक लोकांनी ‘हो’ म्हटले, तरी पंचाहत्तर झाले नाहीत. २०१९ मध्ये आणखी एक आले. त्याला साधारण दोन तृतीयांश मते मिळाली, आणि तेही पडले. आमच्या कचेरीत चाललेले मतदान ते हेच. निकालाच्या दिवशी तो मुलगा खिन्न होऊन म्हणाला, “काका, तीनातले दोघं हो म्हणत होते.” आम्ही त्याला सांगितले, की तीनातला तिसरा का नको म्हणतो ते जाऊन विचार. तो म्हणाला, “तो म्हणतो, मागच्या वेळेला सगळं बदललं आणि माझा खेळ गेला. आता पुन्हा नको.” त्या तिसऱ्याची बाजूही आम्हांला पटली, हे आम्ही त्या वेळी बोललो नाही.

२०२२ मध्ये कंपनीने भिंत उतरवून सत्तरावर आणली. आणि ह्या वेळी वागण्याची रीतही बदलली. तयार वस्तू दाखवून ‘हवी की नको’ असे न विचारता, आधी नवे स्किल मुळात हवे का हे विचारले. मग तीन सुचवून एक निवडायला लावले. मग आराखडा घडत असताना टप्प्याटप्प्याने पुन्हा विचारले. २०२३ मध्ये लोकांनी निवडले ते नौकानयनच. आठ वर्षांपूर्वी पाडलेले. ते २०२५ च्या नोव्हेंबरात खेळात आले.

तो मुलगा आता पुण्याला नोकरीस आहे. पाळ्या बदलत्या, राहायचे तिघांत एका खोलीत. त्याने खेळाची वर्गणी मधेच बंद केली होती, त्यामुळे २०२३ च्या मतदानात त्याचे मत नव्हते. दिवाळीनंतर काही आठवड्यांनी त्याचा रात्री उशिरा फोन आला. एका महिन्याची वर्गणी भरली म्हणाला. होडी बांधून झाली, आणि किनाऱ्यावर इतकी गर्दी आहे की समुद्रात उतरायला जागा नाही.